मोडल्यावांचून वाढ नाहीं

मोखाड्याकडील एका शाळेंत आम्ही कांहीं वर्षें शिकविलें. पहिलींतला एक मुलगा सहा वर्षांचा असून चार वर्षांचा दिसे. दंड मनगटाएवढे, पाढे मात्र खडाखड म्हणे. 1992 सालीं जव्हार तालुक्यांतील वावर-वांगणी येथें शंभरांहून अधिक बालकें कुपोषणानें दगावल्याचें प्रसिद्ध झालें, तेव्हां सर्वत्र हळहळ झाली. अन्न नाहीं म्हणून अंगीं मांस नाहीं, हें कोणीहि सांगेल. परंतु असलेलें मांस जातें कोठें आणि वाढ कां खुंटते, याचा उलगडा आम्हांस पुष्कळ उशिरां झाला.

वैयाकरण ‘शरीर’ हा शब्द ‘शॄ’ म्हणजे मोडणें, झिजणें या धातूपासून साधितात. वर्गांत ही व्युत्पत्ति आम्ही वैराग्याच्या अंगानें सांगत असूं. शास्त्र मात्र म्हणतें कीं, मोडल्यावांचून वाढच नाहीं! 1982 सालीं टिम हंट या इंग्रज शास्त्रज्ञास एका काटेरी समुद्रप्राण्याच्या अंड्यांत एक प्रथिन आढळलें. पेशी दुभंगतांना तें दरवेळीं नाहींसें होई व पुन्हा सांचे. त्याचें नांव सायक्लिन. आपल्या देहांतहि तें नष्ट झाल्यावांचून पेशीचें विभाजन पुरें होत नाहीं. त्याच्याहि आधीं पी-27 नांवाचें दुसरें प्रथिन पहारेकऱ्यासारखें वाट अडवून असतें. वाढीचा निरोप आला म्हणजे त्याच्यावर युबिक्विटिन या चिमुकल्या प्रथिनाची मोहोर उमटते, प्रोटिअसोम नांवाच्या पोकळ नळकांड्यांत त्याचे तुकडे होतात, आणि वाट मोकळी होते. या मोहोरेच्या शोधास 2004 सालीं रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें.

उपाशी मुलाच्या रक्तांत हे निरोप देणारीं द्रव्यें उणावतात. निरोप नाहीं, तर पहारेकरी हटत नाहीं. पेशी थबकून राहतात. आणि तीच मोहोर स्नायूंवर उमटूं लागते. दंडांतलें प्रथिन मोडून त्याचीं अमिनो आम्लें यकृताकडे जातात; तेथें त्यांची साखर होते व ती मेंदूस पोंचते. घराच्या तुळया काढून चूल पेटवावी, तसा हा प्रकार.

पुढें अमृत आहार योजनेंतून अंगणवाडींत अंडें देण्याचें ठरलें, तेव्हां आमच्या काहीं स्नेह्यांनीं नाक मुरडलें होतें. आम्ही स्वतः अंडें खात नाहीं. पण त्यांच्याशीं आम्ही वाद घातला. त्या मुलाच्या पाढ्यांचें सरपण कांहीं अंशीं त्याच्या दंडांतूनच येत होतें.