सहा विजयांचा हिशेब

अमेरिकेच्या नकाशात साधारण मधोमध नेब्रास्का नावाचं राज्य आहे. मक्याची शेतं, गुरांचे मोठे गोठे आणि लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. या राज्यात व्यावसायिक फुटबॉलचा एकही मोठा संघ नाही. जो काही आहे तो विद्यापीठातल्या मुलांचा संघ, ‘कॉर्नहस्कर्स’, म्हणजे मक्याची कणसं सोलणारे. लिंकन शहरातल्या त्यांच्या मेमोरियल स्टेडियममध्ये सुमारे ८५ हजार माणसं बसतात. कोविडचं वर्ष सोडलं तर १९६२ सालापासून तिथल्या प्रत्येक सामन्याची तिकिटं संपलेली आहेत. सामन्याच्या शनिवारी ते स्टेडियम हेच राज्यातलं तिसरं मोठं शहर असतं, असं तिथले लोक सांगतात. आकडे पाहिले तर ते खोटं नाही.

माझ्या आपाचा मुलगा याच शहरात एम.एस. करायला गेला. पहिल्या वर्षी फोनवर फक्त थंडीच्या तक्रारी. दुसऱ्या वर्षी लाल टी-शर्ट घातलेला फोटो आला. आता व्हिडिओ कॉलवर आपा त्याला जेवणाचं विचारते आणि तो मला म्हणतो, “मामू, यंदा आठ सामने तरी जिंकू, इन्शाअल्लाह.” आणि लगेच आवाज खाली आणून, “पण मी कुणाला सांगत नाही.”

आठ सामन्यांत एवढं काय, असं तुम्हाला वाटेल. मलाही वाटलं होतं. आधी खेळ समजून घ्यावा लागतो. नाव फुटबॉल, पण चेंडू लांबट आणि बहुतेक वेळ हातात. अकरा विरुद्ध अकरा. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. नेहमीच्या मोसमात सामने फक्त बारा. त्यातले सहा जिंकले तर मोसमाअखेर ‘बाउल’ नावाच्या मानाच्या सामन्याला पात्र. आपल्या क्रिकेटसारखं ‘पुढच्या आठवड्यात बघू’ इथे चालत नाही. एक हार म्हणजे वर्षाचा बारावा हिस्सा गेला.

या संघाने पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं आहे: १९७०, ७१, ९४, ९५ आणि ९७. तिथल्या आजोबांना हे सगळं तोंडपाठ. नातवांच्या वाट्याला मात्र २०१७ ते २०२३ अशी सलग सात वर्षं आली, ज्यात एकदाही विजय पराभवांपेक्षा जास्त झाले नाहीत. २०२१ साली तर बारापैकी नऊ हरले, आणि नऊपैकी एकही सामना नऊपेक्षा जास्त गुणांनी नाही. दरवेळी थोडक्यात. मला वाटतं, सपाटून हरणाऱ्या संघाला लोक लवकर विसरतात. थोडक्यात हरणारा संघ जीव खातो. दहावीच्या वर्गात तीन गुणांनी गेलेल्या पोराचे अब्बा जसे दर महिन्याला शाळेत येऊन विचारतात, “सर, यंदा होईल ना?”, तसं या लोकांचं झालं आहे.

२०२३ मध्ये मॅट रूल हे प्रशिक्षक आले. त्या वर्षी पाच विजय झाले, सहावा हवा होता, हातात चार सामने होते. चारही गेले. शेवटचा शेजारच्या आयोवाकडून, १३-१०, अगदी शेवटच्या क्षणी. पुढच्या वर्षी पुन्हा पाच विजय, पुन्हा लागोपाठ चार हार. नोव्हेंबरच्या त्या दिवसांत आमच्या भाच्याने फोन उचलणंच बंद केलं होतं. मग विस्कॉन्सिनला ४४-२५ असं हरवलं आणि सहावा विजय मिळाला. भाचा सांगतो, शेजारच्या बाकावरचे सत्तरीतले गृहस्थ त्याच्या गळ्यात पडून रडले. त्याआधी दोन वर्षं ते ‘हॅलो’पलीकडे बोलले नव्हते. आठवड्याने आयोवाकडून हार झाली, पुन्हा १३-१०, पुन्हा शेवटच्या क्षणी! पण डिसेंबरात न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर बोस्टन कॉलेजला २०-१५ हरवून बाउल जिंकला, २०१५ नंतर पहिल्यांदा.

२०२५ च्या मोसमातल्या आशेचं कारण रूल यांच्या जुन्या हिशेबात होतं. टेम्पल विद्यापीठात त्यांचे विजय पहिल्या वर्षी दोन, दुसऱ्या वर्षी सहा, तिसऱ्या वर्षी दहा. बेलरमध्ये एक, सात, अकरा. नेब्रास्कात पाच, सात, आणि २०२५ हे तिसरं वर्ष. पुढचा आकडा मोठ्याने कुणी म्हणत नव्हतं. कारण हेच रूल मधल्या काळात व्यावसायिक संघाकडे गेले तेव्हा ३८ पैकी ११ सामने जिंकून नोकरी गमावून बसले होते.

या संघाच्या जुन्या नावांपैकी एक आपल्या वाचकांनी ऐकावं असं आहे: अमीर अब्दुल्ला. अलाबामातल्या मुस्लिम घरातला, नऊ भावंडांत धाकटा, अंगाने लहान. चेंडू घेऊन धावण्याच्या एकूण अंतरात नेब्रास्काच्या इतिहासात त्याचा दुसरा क्रमांक आहे, ४,५८८ यार्ड. सप्टेंबर २०१४ मध्ये मॅक्नीजसारख्या छोट्या संघाने नेब्रास्काला २४-२४ असं अडवलं होतं. वीस सेकंद उरलेली असताना अमीरला एक छोटासा पास मिळाला. एकाने धरलं, सुटला. दुसऱ्याने धरलं, सुटला. असे पाच जण झटकून तो ५८ यार्ड पळत गेला. भाच्याने मला हा व्हिडिओ निदान सहा वेळा पाठवला असेल.

मला स्वतःला या लोकांची एक रीत जास्त आवडली. पाहुणा संघ मैदान सोडताना, हरलेला असो की जिंकलेला, घरचे प्रेक्षक त्याला टाळ्या देतात. सात वर्षं घरी येऊन जिंकून जाणाऱ्यांना टाळ्या देणं सोपं नसणार.

२०२५ चा पहिला सामना २८ ऑगस्टला, कॅन्सस सिटीत, सिनसिनाटीविरुद्ध होता. आयोवाशी गाठ शेवटी, २८ नोव्हेंबरला, लिंकनमध्येच होती. त्या दिवशी शुक्रवार होता. भाच्याने जुम्याची वेळ आणि सामन्याची वेळ दोन्ही आधीच विचारून ठेवायला सुरुवात केली होती. आपा विचारते, “डिसेंबरात घरी येतोस ना?” तो म्हणतो, “अम्मी, बाउल कुठे होतो त्यावर आहे.” आणि मग जीभ चावतो.