दारूला कधी हात लावला नाही, तरी रिपोर्टमध्ये सिरोसिस?
लिव्हरच्या एका दुर्मीळ आजाराबद्दल आणि बायॉप्सीबद्दल थोडं समजून घेऊ या

रक्ताची उलटी होते. सोनोग्राफीत तिल्ली वाढलेली दिसते. एन्डोस्कोपी केली तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या निघतात. अशा वेळी फाइलवर बहुधा एकच शब्द येतो, सिरोसिस. हा शब्द घरात आला की त्याच्यामागून शंकाही येते. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात दारू चाखली नाही, त्याच्याकडेही नातेवाईक वेगळ्या नजरेने पाहू लागतात.

मुळात दारूशिवायही सिरोसिस होतो. हिपॅटायटिस बी आणि सी, तसंच मधुमेह व लठ्ठपणातून येणारं फॅटी लिव्हर ही त्याची मोठी कारणं आहेत. पण काही रुग्णांना सिरोसिस झालेलाच नसतो. तशीच लक्षणं देणारा, लिव्हरच्या बारीक रक्तवाहिन्यांचा एक दुर्मीळ आजार असतो. आम्ही डॉक्टर नाही, शिक्षक आहोत. पण या दोन आजारांतला फरक कुटुंबांना ठाऊक असायला हवा, म्हणून हे लिहितो आहोत.

बिघाड नेमका कुठे?

लिव्हर म्हणजे यकृत, उर्दूत जिगर. त्याला मिळणाऱ्या रक्तापैकी साधारण ७५ टक्के रक्त आतडी आणि तिल्लीकडून पोर्टल व्हेन या मोठ्या शिरेतून येतं. पुढे तिच्या फांद्या होत होत केसाहून बारीक होतात.

शेतीचं उदाहरण घ्या. कालवा भरून वाहतो आहे, शेतही चांगलं आहे, पण शेतात जाणाऱ्या चाऱ्या गाळाने बुजल्या आहेत. पाणी तुंबणारच. या आजारात तेच होतं. बारीक फांद्या अरुंद होतात, काही बंदच पडतात. मागे दाब वाढतो, तिल्ली फुगते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगून फुटतात. सिरोसिसमध्ये मात्र शेतच खराब होतं. लिव्हरभर चट्टे आणि गाठी तयार होतात.

आपल्या देशाला हा आजार नवा नाही. १९६९ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या कार्यशाळेत त्याला ‘नॉन-सिऱ्होटिक पोर्टल फायब्रोसिस’ हे नाव मिळालं. जपानमध्ये त्याचं नाव वेगळं होतं. २०१९ मध्ये तज्ज्ञांनी असे सगळे प्रकार ‘पोर्टो-सायनुसॉयडल व्हॅस्क्युलर डिसीज’ या एका नावाखाली आणले.

बायॉप्सी कशासाठी?

रक्ताच्या तपासण्या या आजारात पुष्कळदा जवळजवळ नॉर्मल येतात. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन कधी कधी फसवतात. फुगलेल्या शिरा आहेत, पण फायब्रोस्कॅनवर लिव्हरचा कडकपणा १० किलोपास्कलपेक्षा कमी आहे, असं असेल तर डॉक्टरांना संशय येतो. पण सिरोसिस नाही, हे खात्रीने सांगायला लिव्हरचा तुकडाच तपासावा लागतो.

बायॉप्सी म्हटलं की घरात रडारड सुरू होते. बायॉप्सी म्हणजे कॅन्सरच, ही समजूत चुकीची आहे. उजव्या बरगड्यांमधली जागा बधिर करून सुई आत घालतात आणि दोऱ्याएवढा बारीक तुकडा काढतात. नंतर काही तास पडून राहावं लागतं. रक्त गोठायला वेळ लागत असेल किंवा पोटात पाणी असेल, तर मानेतल्या शिरेतून नळी घालून तुकडा घेता येतो. त्याच वेळी लिव्हरमधला दाबही मोजता येतो. दुखणं आणि क्वचित रक्तस्राव हे धोके आहेत. त्यामुळे रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. ती आपल्या मनाने बंद करू नये.

मायक्रोस्कोपखाली काय पाहतात?

तुकडा निदान २ सेंटीमीटर लांब हवा आणि त्यात १० तरी पोर्टल ट्रॅक्ट हवेत. पोर्टल ट्रॅक्ट म्हणजे शीर, धमनी आणि पित्तनळी एकत्र जातात ती जागा. तुकडा छोटा किंवा तुटलेला आला, तर निदान अडतं.

सिरोसिसच्या गाठी नाहीत ना, हे पॅथॉलॉजिस्ट आधी पाहतात. मग शिरेच्या फांद्या जाड होऊन बुजल्या आहेत का, की दिसायलाच हव्यात तिथे नाहीशा झाल्या आहेत, ते पाहतात. काही बदल साध्या रंगात दिसत नाहीत. त्यासाठी रेटिक्युलिन नावाचा खास रंग वापरतात. खुणा इतक्या बारीक असतात की ‘लिव्हर जवळजवळ नॉर्मल’ असाही रिपोर्ट येऊ शकतो. म्हणून तिल्ली, एन्डोस्कोपी आणि जुनी औषधं यांची सगळी माहिती तुकड्यासोबत पॅथॉलॉजिस्टपर्यंत पोहोचली पाहिजे.

फरक कळून काय होतं?

पुष्कळ होतं. या आजारात लिव्हरचं काम बहुधा बरीच वर्षं चांगलं चालतं. फुगलेल्या शिरा एन्डोस्कोपीतून रबर बँडने बांधता येतात, दाब कमी करणारी औषधं मिळतात. लिव्हर बदलण्याची वेळ थोड्याच रुग्णांवर येते. मात्र पोर्टल शिरेत गुठळी होऊ शकते, त्यामुळे डॉप्लर सोनोग्राफी ठरलेल्या वेळी करावीच लागते.

कारणही शोधता येतं. अझाथायोप्रिनसारखी काही औषधं, रक्त गोठण्याचे विकार, एचआयव्ही आणि दीर्घकाळ पोटात गेलेलं आर्सेनिक यांच्याशी हा आजार जोडलेला आढळला आहे. आर्सेनिक म्हणजे सोमल, उर्दूत संखिया. कुणी कुश्ता किंवा भस्म घेत असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. अनेकांत कारण सापडतही नाही, त्यात रुग्णाचा दोष नसतो.

कुटुंबाने काय करावं?

सिरोसिसचं कारण सापडत नसेल, तर ‘हा रक्तवाहिन्यांचा आजार असू शकतो का?’ असं डॉक्टरांना अदबीने विचारा. बायॉप्सी झाली असेल तर रिपोर्टबरोबर काचेच्या स्लाइड आणि मेणातला ब्लॉकही मागा. लिव्हरचे नमुने रोज पाहणाऱ्या तज्ज्ञांना ते पुन्हा दाखवता येतात, आणि त्यासाठी बहुतेक वेळा नवी सुई टोचावी लागत नाही.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली, तर मात्र कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता थेट दवाखाना गाठा. आणि रुग्णाला ‘खरं सांग, पीत होतास का?’ असं चारचौघांत विचारू नका. आजारापेक्षा तो प्रश्न जास्त लागतो.