घोटाभर पाण्यातली टील

अमेरिकेत बदकांच्या शिकारीचा मुख्य हंगाम थंडीकडे झुकलेला. पण मिसिसिपी आणि मध्य स्थलांतरमार्गावरच्या बऱ्याच राज्यांत सप्टेंबरातच टील या छोट्या बदकासाठी वेगळा हंगाम उघडतो. निळ्या पंखांची टील इतरांच्या आधी दक्षिणेला निघते, म्हणून ही सोय.

सार्वजनिक पाणथळींत तेव्हा सगळे पाण्यावर ठरते. उन्हाळ्यात अनेक तळी मुद्दाम रिकामी करतात. ओल्या चिखलात बरटीसारखी दाणेदार गवते वाढू देतात आणि मग शरदात पाणी सोडतात. त्यामुळे हंगाम उघडताना घोटाभर पाण्याचे तुकडे मोजकेच असतात. टीलला तेच हवे असतात आणि शिकाऱ्यांनाही, म्हणून तिथे गर्दी.

खरी कसोटी ओळखण्याची. या दिवसांत नरांचा रंगीत पिसारा गळालेला असतो. नर-मादी दोघेही तपकिरी. थापट्या (शॉव्हेलर) या दुसऱ्या बदकाच्या पंखावरही टीलसारखाच फिकट निळा पट्टा दिसतो, आणि त्याला या हंगामात मारायला मनाई आहे. चोच फावड्यासारखी रुंद दिसली की बंदूक खाली. शंका असेल तर बार काढूच नये.

शिशाचे छर्रे पाणपक्ष्यांसाठी १९९१ पासून देशभर बंद आहेत, आणि ते योग्यच झाले. चिखलातले छर्रे गिळून बदके विषबाधेने मरत. सोळा वर्षे पूर्ण झालेल्या पाणपक्ष्यांच्या प्रत्येक शिकाऱ्याला १९३४ साली सुरू झालेला ‘डक स्टॅम्प’ हा परवाना विकत घ्यावा लागतो. त्यातल्या दर डॉलरचे ९८ सेंट पक्ष्यांचा अधिवास मिळवण्यावर खर्च होतात.