सहावा रस

आपल्याकडचे चवीचे शास्त्र फार जुने आहे. आयुर्वेदाने सहा रस सांगितले: मधुर, आम्ल, लवण, कटू, तिक्त आणि कषाय. गंमत अशी, की संस्कृतातला कटू म्हणजे आपला तिखट आणि तिक्त म्हणजे आपला कडू. सहाव्या रसाच्या वाट्याला मात्र नेहमी उपेक्षाच आली. कषाय म्हणजे तुरट. गोडाशिवाय आपला सण होत नाही, तिखटावर तर अवघा मराठवाडा जगतो, कारल्याचा कडूपणाही आपण गूळ घालून चालवून घेतो. पण मुद्दाम तुरट खातो कोण? जांभूळ, आवळा, सुपारी, पानातला कात आणि कोरा चहा. संपली यादी! युरोपातल्या मंडळींनी मात्र या उपेक्षित रसाला जेवणाच्या ताटाशेजारी मानाची जागा दिली. त्यांच्या लाल वाइनचा कणा म्हणजे हा तुरटपणाच.

हे मला उमगले ते कुठे फ्रान्समध्ये नव्हे, तर आमच्या जालन्यात, मस्तगडला. निजाम-उल-मुल्क आसफजाहच्या हुकमावरून काबिलखानाने १७२५ साली बांधलेल्या किल्ल्यामुळे हा भाग ओळखला जातो. तिथे आमच्या वकील मित्राचे घर आहे. ‘जालना सोने का पालना’ असे ज्या गावाबद्दल म्हणतात, ते आज बियाणे, लोखंडी सळया आणि मोसंबी यांसाठी प्रसिद्ध आहे. अशा गावाचा वाइनशी संबंध काय, असे कुणी विचारील. पण १८०३ मध्ये याच जिल्ह्यातल्या असईला इंग्रज आणि मराठे यांची लढाई झाली आणि पुढे एकोणिसाव्या शतकात जालन्याला इंग्रजी अमलाखालच्या फौजेची छावणी होती. त्या काळी युरोपातली वाइन हिंदुस्थानात जहाजाने येई. मदिरा बेटावरची वाइन तर उन्हातान्हाच्या समुद्रप्रवासात बिघडण्याऐवजी सुधारते, असे व्यापाऱ्यांना आढळले होते.

वकिलांचा मुलगा आणि सून जर्मनीत नोकरी करतात. गेल्या जानेवारीत दोघे आले, तेव्हा येताना चार बाटल्या घेऊन आले. विमानाने येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला दोन लिटरपर्यंत मद्य शुल्काशिवाय आणता येते, म्हणून माणशी दोन बाटल्या. परदेशी वाइनवर आपल्याकडे कित्येक वर्षे १५० टक्के आयात शुल्क होते, हे ठाऊक असल्यामुळे माझ्यातल्या बँकवाल्याने हा हिशेब मनातल्या मनात पडताळून घेतला. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे आणि पिणाऱ्याला परवाना लागतो. वकिलांच्या घरचे जेवण, तेव्हा तो सोपस्कारही रीतसर झाला.

जेवण गच्चीवर होते. हुरडा, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, वांग्याचे टोमॅटो घातलेले भरीत, मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी आणि शेवटी तिळगूळ. सारा स्वयंपाक वहिनींचा. त्यांनी आधीच बजावले होते, “मी बसेन तुमच्यात, पण थेंब घेणार नाही.” कारण आम्हा सर्वांना माहीत होते. त्यांच्या माहेरची मोसंबीची बाग वडिलांच्या दारूपायी गेली होती.

वाइन आणि पदार्थ यांची जोडी जमवणे म्हणजे पत्रिका जुळवण्यासारखेच. पहिली बाटली जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या रीसलिंगची. तिथे पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर द्राक्षे लावतात. फिकट सोनेरी, किंचित गोड, चांगली आंबट आणि मद्यार्क कमी. हुरडा आणि ठेच्याबरोबर ती अशी काही जमली, की डॉक्टरांनी चक्क टाळी दिली. मुलाने कारण सांगितले. मद्यार्काने मिरचीची आग वाढते, तर थोड्या गोडीने ती निवते. म्हणून तिखटाला हलकी, गोडसर वाइन.

खात्री करायला डॉक्टरांनी ठेच्यावर दुसऱ्या बाटलीतली बोर्दोची लाल वाइन घेतली आणि त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. द्राक्षाची साल आणि बिया यांतून येणारे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरते, म्हणून तोंड कोरडे पडते. तिखटाने पोळलेल्या जिभेला ते सोसत नाही. तीच वाइन मटणाच्या तुकड्याबरोबर घेतली, तेव्हा मऊ झाली, कारण टॅनिनला धरायला आता मांसातली प्रथिने आणि चरबी होती. आपण जडशा जेवणानंतर सुपारी का चघळतो, हे मला त्या क्षणी नव्याने कळले.

तिसरी इटलीतली क्यांती. ती स्वतः आंबट, म्हणून टोमॅटोच्या भरिताशी तिचे पटले. आंबट पदार्थापुढे कमी आंबट वाइन अगदी मिळमिळीत लागते. शेवटची पोर्तुगालची पोर्ट. तिचे आंबणे मध्येच द्राक्षाचा मद्यार्क घालून थांबवतात, त्यामुळे साखर शिल्लक राहते. गोडाबरोबरची वाइन त्या गोडाहून गोड हवी, हा नियम. तिळगुळापुढे ती जेमतेम टिकली.

‘रूम टेम्परेचर’चेही एक कोडे सुटले. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी म्हणतात, पण ती खोली युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. आमच्या मे महिन्यातली नव्हे. जानेवारीच्या रात्री मस्तगडच्या गच्चीने ते काम फुकट केले.

पण त्या रात्रीची खरी जाणकार ठरल्या वहिनी. त्यांनी पेला फक्त नाकाशी नेला. रीसलिंग हुंगून त्या म्हणाल्या, “याला रॉकेलचा वास येतोय.” आम्ही हसलो. मुलगा हसला नाही. “आई, मुरलेल्या रीसलिंगची तीच तर खूण सांगतात,” तो म्हणाला. मग बोर्दोत त्यांना जांभूळ आणि नव्या लाकडी कपाटाचा वास सापडला. ती वाइन ओकच्या पिंपात मुरलेली होती. आम्ही पिणारे नुसते ‘छान, छान’ म्हणत बसलो होतो.

थोड्या वेळाने वहिनींनी शांतपणे विचारले, “हे सगळं खरं. पण माझे वडील प्यायचे त्याच्यात आणि याच्यात फरक काय?”

गच्ची गप्प झाली. उत्तर डॉक्टरांनी दिले आणि ते प्रामाणिक होते. “मद्यार्क तोच, वहिनी. शरीराला बाटलीवरचे नाव वाचता येत नाही.” १९९१ साली अमेरिकेतल्या एका दूरदर्शन कार्यक्रमाने लाल वाइन हृदयाला चांगली, असा गाजावाजा केला होता. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट सांगितले, की मद्याचे कोणतेही प्रमाण निर्धोक म्हणता येत नाही. वहिनींनी ऐकून घेतले आणि भाकरी वाढायला घेतली. सुनेने आपला पेला बाजूला सरकवला आणि ती त्यांच्या शेजारी जाऊन बसली.

बँकेच्या नोकरीत मी द्राक्षबागांना कर्जे दिली. आमच्या तालुक्यातले कडवंची पाणलोटाच्या कामावर आणि शेततळ्यांवर द्राक्षे पिकवून नावारूपाला आले. नाशिक आणि नारायणगावच्या वाइनने महाराष्ट्राचे नाव बाहेर नेले, २००१ मध्ये राज्याने त्यासाठी धोरणही आखले. शेतकऱ्याला त्यातून दोन पैसे मिळावेत, असे मला मनापासून वाटते. पण बँकेच्या त्याच टेबलावर दारूत बुडालेल्या घरांची थकीत खातीही मी पाहिली आहेत. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकीसाठी दुसरी झाकून ठेवणे मला जमत नाही.

म्हणून मला वाटते, चाखणे आणि पिणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. पॅरिसमध्ये २४ मे १९७६ रोजी फ्रेंच परीक्षकांनी नावे झाकून वाइन चाखल्या, तेव्हा लाल आणि पांढऱ्या दोन्ही गटांत कॅलिफोर्नियाची वाइन पहिली आली. लेबल झाकले, की जीभ खरे बोलते. असे चाखणारे परीक्षक तर घोट तोंडात घोळवून थुंकून टाकतात. चवीला लागते ते लक्ष, आणि लक्ष द्यायला बाटलीच हवी असे नाही.

आज रविवार आहे. दुपारच्या ताटातल्या वरणाला, ठेच्याला, भाकरीच्या करपलेल्या कडेलाही थोडे लक्ष देऊन पाहा. घरात कुणाला कशाचा वास आला, हे विचारा. आपल्या भाषेत खमंगापासून खवटापर्यंत शब्दांची ददात नाही. आणि जेवणानंतर आवळ्याची एक फोड चावून वर घोटभर पाणी प्या. तुरटानंतर साधे पाणीही किती गोड लागते, ते कळेल.