निमो घरी आणताय? जरा थांबा!

पहिला पगार, वन-रूम-किचन आणि कोपऱ्यात खाऱ्या पाण्यातला ‘निमो’! माझंही हेच स्वप्न होतं. शनिवारी टँक भरला, रविवारी मासा सोडला, बुधवारी तो गेला. चूक माझ्या घाईची.

बजेट कमी असेल, तर फंडा सिम्पल आहे. छोटा बाऊल स्वस्त वाटतो, पण त्यातलं पाणी लवकर बिघडतं. त्यापेक्षा दोन फुटी, साधारण ८० लिटरचा टँक घ्या. आरओचं पाणी, लिटरमागे ३५ ग्रॅम मरीन सॉल्ट, फिल्टर, पंप आणि खारेपणा मोजायचं मीटर, बस्स! महागड्या चिलरऐवजी छोटा पंखा लावा; आटलेल्या पाण्याच्या जागी गोडंच पाणी घाला, कारण मीठ उडून जात नाही.

मग रोज चिमूटभर फिशफूड टाकत चार-सहा आठवडे थांबा. अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तेवढ्यात वाढतात. टेस्ट किटवर अमोनिया, नायट्राइट शून्य आले, की हॅचरीतली क्लाउनफिशची जोडी आणा.

आणि कोरल? आपल्याकडे रीफ बांधणारे प्रवाळ २००१ पासून वाघासारखेच पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानदाराने दाखवले, तरी नको म्हणा. सिरॅमिकचे खडक लावा. निमोला चालतात!