फलंदाजाची सरासरी आणि काळाची सरासरी

भिलाई येथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली. अशा भट्टीची योग्यता एखाद्या पाळीच्या उत्पादनावरून कोणी ठरवीत नाही. पुष्कळ दिवसांची सरासरी काढावी लागते. आणि तीही तशाच कच्च्या मालावर चालणाऱ्या इतर भट्ट्यांच्या सरासरीशी ताडून पाहावी लागते. फलंदाजाच्या गुणवत्तेचे मापनही याच दोन तत्त्वांवर उभे आहे.

फलंदाजाच्या एकूण धावांना तो जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येने भागले असता त्याची सरासरी मिळते. नाबाद डावांतील धावा हिशेबात येतात, परंतु ते डाव भाजकात धरीत नाहीत. डॉन ब्रॅडमन हे कसोटी सामन्यांत ८० डाव खेळले, ७० वेळा बाद झाले आणि त्यांनी ६,९९६ धावा केल्या. म्हणून त्यांची सरासरी ९९.९४. १९४८ साली ओव्हल येथील अखेरच्या डावात शून्यावर बाद न होता ते चार धावा करून बाद झाले असते, तर ती बरोबर १०० झाली असती.

आता एक कोडे पाहू. विनोद कांबळी यांची कसोटी सरासरी ५४.२० आहे, तर सचिन तेंडुलकर यांची ५३.७८. मग कांबळी अधिक श्रेष्ठ म्हणावेत काय? कांबळी यांनी २१ डावांत २० वेळा बाद होऊन १,०८४ धावा केल्या. तेंडुलकर यांनी ३२९ डावांत २९६ वेळा बाद होऊन १५,९२१. दोघेही आणखी दोनदा शून्यावर बाद झाले असते अशी कल्पना करा. कांबळी यांची सरासरी ४९.२७ पर्यंत घसरली असती. तेंडुलकर यांची मात्र ५३.४३ राहिली असती. नमुना जितका लहान, तितका त्यावर दैवयोगाचा प्रभाव अधिक. ही अनिश्चितता निरीक्षणांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात कमी होते. म्हणून सुमारे पंधरापट निरीक्षणे असता ती जवळजवळ एकचतुर्थांश उरते.

दुसरे तत्त्व तुलनेचे. समजा, एका काळात सर्व फलंदाजांची मिळून सरासरी २५ आहे आणि दुसऱ्या काळात ४०. दोन्ही काळांत प्रत्येकी ५० ची सरासरी राखणारे दोन खेळाडू समान नव्हेत. पहिला आपल्या समकालीनांच्या दुप्पट आहे, दुसरा केवळ सव्वापट. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये हीच रीत रूढ आहे. तेथे संघसमूहाची सरासरी १०० मानून प्रत्येक फलंदाजाचा निर्देशांक काढतात. १५० म्हणजे सर्वसाधारण खेळाडूहून दीडपट.

सांगलीचे विजय हजारे यांच्याकडे या दृष्टीने पाहावे. ३० कसोटी सामन्यांत २,१९२ धावा, सरासरी ४७.६५. आजच्या वाचकास हा आकडा पन्नाशीच्या आत म्हणून सामान्य वाटेल. परंतु जानेवारी १९४८ मध्ये ॲडलेड येथे त्यांनी दोन्ही डावांत शतके काढली. ११६ आणि १४५. दुसऱ्या डावात साऱ्या भारतीय संघाच्या धावा होत्या २७७. म्हणजे निम्म्याहून अधिक धावा एकट्या हजारे यांच्या. १९५२ साली लीड्स येथे दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी भारताचे चार गडी बाद झाले होते. त्याच डावात कर्णधार हजारे यांनी ५६ धावा केल्या. सहकाऱ्यांच्या धावांशेजारी ठेवल्यावाचून या खेळींचे मोल कळत नाही.

तात्पर्य, सरासरी हा अंतिम निवाडा नव्हे. तो पुरावा आहे. तो किती निरीक्षणांवर आधारलेला आहे आणि कोणाच्या तुलनेत मांडला आहे, हे दोन प्रश्न आधी विचारावेत. भट्टी असो, शेत असो वा विद्यार्थी असो, हे प्रश्न न विचारता दिलेला निर्णय अन्यायाचा ठरण्याचा संभव असतो.