किनारी नगरातील वस्तुसंग्रहालयांचे वाचन : रत्नागिरीच्या थिबा राजवाड्याच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींत कोकणचे स्थान जवळजवळ ठरलेले असते. बीड जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण भागातील अनेक विद्यार्थी समुद्र प्रथम पाहतात तो अशाच सहलीत. गणपतीपुळे, रत्नदुर्ग, भाट्ये किनारा या स्थळांना पुरेसा वेळ मिळतो. थिबा राजवाड्यातील वस्तुसंग्रहालयाच्या वाट्याला मात्र अर्धा-पाऊण तास येतो. "राजवाडा म्हणावा असे येथे काही नाही," असा अभिप्राय देऊन विद्यार्थी बाहेर पडतात. हा अभिप्राय चुकीचा नाही, पण तो अपुरा आहे. येथे राजवैभव का दिसत नाही, हा प्रश्न विचारला तर ती रिकामी दालनेच इतिहासाचे साधन ठरतात. वस्तुसंग्रहालय 'पाहणे' आणि 'वाचणे' यांतील हा भेद स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

उद्दिष्टे

१) थिबा राजवाड्याचे ऐतिहासिक साधन म्हणून स्वरूप स्पष्ट करणे.
२) रत्नागिरी व अन्य किनारी स्थळांतील संग्रहालयांचा परस्परसंबंध तपासणे.
३) महाविद्यालयीन अभ्यासभेटीसाठी उपयुक्त पद्धती सुचविणे.

वास्तू हेच प्रमुख प्रदर्शित

थिबा हा ब्रह्मदेशाच्या कोनबाँग घराण्याचा अखेरचा राजा होय. तो १८७८ मध्ये मंडालेच्या गादीवर आला. बाँबे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या सागवानाचा व्यापार करणाऱ्या कंपनीशी झालेला दंडाचा वाद तिसऱ्या इंग्रज-ब्रह्मी युद्धाचे निमित्त ठरला. फ्रेंचांचा वाढता प्रभाव ही इंग्रजांची खरी चिंता होती. नोव्हेंबर १८८५ मध्ये राजाने शरणागती पत्करली. त्यास राणी सुपयालत व कुटुंबीयांसह प्रथम मद्रासला व एप्रिल १८८६ मध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. पदच्युत राजाला त्याच्या प्रजेपासून आणि राजकीय हालचालींपासून दूर ठेवण्यास हे गाव सोयीचे होते. त्या काळी तेथे पोहोचण्याचा सुलभ मार्ग समुद्राचाच होता, आणि त्या मार्गावर इंग्रजांचे पूर्ण नियंत्रण होते.

आज आपण पाहतो तो राजवाडा १९१० च्या सुमारास पूर्ण झाला. म्हणजे स्थानबद्धतेची सुमारे चोवीस वर्षे राजाने सरकारने दिलेल्या बंगल्यात काढली आणि या वास्तूत तो जेमतेम सहा वर्षे राहिला. डिसेंबर १९१६ मध्ये त्याचे येथेच निधन झाले. उतरती छपरे, अर्धवर्तुळाकार लाकडी खिडक्या, संगमरवरी फरशीचे दालन आणि खाडीकडे उघडणारी दृष्टी हे या तीन मजली वास्तूचे विशेष होत. मागील बाजूस असलेली बुद्धमूर्ती राजाच्या धर्मनिष्ठेची साक्ष देते. आकाराने राजवाडा आणि प्रयोजनाने बंदिवास, अशी ही दुहेरी वास्तू आहे. येथील खिडकी कलाकुसरीचा नमुना म्हणून दाखविली जाते, ते योग्यच आहे. परंतु त्या खिडकीतून समुद्र पाहणाऱ्या मनुष्यास त्यावरून परत जाण्याची मुभा नव्हती, हे सांगितल्याखेरीज तिचा अर्थ पूर्ण होत नाही.

अनुपस्थित वस्तूंचा मागोवा

मंडालेचे वैभव रत्नागिरीत नसेल तर ते गेले कोठे? सिंहासनाचा मार्ग कोलकात्याकडे गेला. मंडालेचे सिंहासन तेथील भारतीय संग्रहालयात ठेवण्यात आले होते. ब्रह्मदेश स्वतंत्र झाल्यावर १९४८ मध्ये ते परत गेले. राजचिन्हे लंडनला नेण्यात आली व साउथ केन्सिंग्टन येथील संग्रहालयात, म्हणजेच पुढील काळातील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात, ठेवली गेली. १९६४ मध्ये तीही ब्रह्मदेशास परत करण्यात आली. त्या प्रसंगी ब्रह्मी शासनाने त्यांतील हंसाच्या आकाराचे एक रत्नजडित पात्र लंडनच्या संग्रहालयास भेट म्हणून दिले. मंडालेचा मूळ राजवाडा दुसऱ्या महायुद्धात १९४५ मध्ये बहुतांशी जळून गेला. राजाने सोबत आणलेल्या रत्नांपैकी बरीच खर्चासाठी विकावी लागली.

म्हणजेच एकाच राजाचा इतिहास मंडाले, लंडन, कोलकाता आणि रत्नागिरी अशा चार ठिकाणी विखुरला. ज्या नगरात राजा राहिला तेथे वैभव पोहोचले नाही, आणि जेथे वैभव पोहोचले तेथे राजा नव्हता. हा वियोग वसाहतवादी सत्तेची कार्यपद्धती दाखवितो. वस्तूला संग्रहालयात आणि माणसाला स्थानबद्धतेत ठेवून सत्ता दोघांनाही त्यांच्या मूळ संदर्भापासून तोडते. ग्रंथातील परिच्छेद वाचून ही गोष्ट कळते. राजवाड्याच्या रिकाम्या दालनात उभे राहिल्यावर ती प्रतीतीस येते.

टिळक जन्मस्थान : दुसरी बाजू

राजवाड्याच्या भेटीस टिळक जन्मस्थान स्मारकाची जोड दिली असता विषय अधिक स्पष्ट होतो. लोकमान्य टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीस झाला. १९०८ च्या राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाल्यावर त्यांना मंडालेच्या तुरुंगात ठेवण्यात आले व १९१४ मध्ये त्यांची सुटका झाली. 'गीतारहस्य'चे लेखन त्यांनी १९१०-११ च्या हिवाळ्यात तेथेच केले. म्हणजे मंडालेचा राजा रत्नागिरीच्या नव्या वास्तूत राहावयास गेला, त्याच सुमारास रत्नागिरीत जन्मलेला लोकनेता मंडालेत ग्रंथ लिहीत होता. दिल्लीचा अखेरचा बादशहा बहादूरशाह जफर याची १८५८ मध्ये रंगूनला झालेली रवानगी आणि तेथे १८६२ मध्ये झालेला त्याचा मृत्यू यांचे स्मरण ठेवल्यास हा योगायोग राहत नाही. बंगालचा उपसागर ओलांडून माणसे एकमेकांच्या भूमीत बंदिस्त करणे हे साम्राज्याचे धोरणच होते. पुढे १९२४ ते १९३७ या काळात वि. दा. सावरकर यांनाही रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवण्यात आले. स्वतंत्रपणे पाहिलेली ही स्थळे केवळ माहिती पुरवितात. एकत्र पाहिल्यास त्यांतून विचार आकारास येतो.

अन्य संग्रहालयांशी तुलना

संग्रहालयाचा अर्थ केवळ इतिहासापुरता मर्यादित नाही. रत्नागिरीतील सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे मत्स्यालय व तेथील देवमाशाचा सांगाडा विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना उपयुक्त आहे. याच जिल्ह्यात देवरुख येथे शिक्षणसंस्थेच्या आश्रयाने उभे असलेले लक्ष्मीबाई पित्रे कलासंग्रहालय हे महानगराबाहेरही चित्रकलेचे जतन होऊ शकते याचे उदाहरण होय.

मांडवीकाठच्या जुन्या गोव्यातील पुरातत्त्वीय संग्रहालय असिसीच्या संत फ्रान्सिस यांच्या नावाच्या चर्चला लागून असलेल्या मठात आहे. तेथील पोर्तुगीज गव्हर्नर व व्हाइसरॉय यांच्या चित्रांची परंपरा १५४७ मध्ये जुवांव द कास्त्रो याने सुरू केली. ही चित्रे कालांतराने पुन्हा रंगविली गेली. त्यामुळे चित्र हे व्यक्तीचे दर्शन की सत्तेने घडविलेली प्रतिमा, असा प्रश्न तेथे विचारता येतो. मुंबईत भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर घारापुरीचा पाषाणहत्ती उभा आहे. १८६४ मध्ये तो इंग्लंडला नेण्याच्या प्रयत्नात भंगला. म्हणून तो भारतात राहिला. घारापुरी बेटाला 'एलिफंटा' हे नाव ज्यावरून पडले तो हत्ती आज त्या बेटावर नाही. थिबाच्या सिंहासनाचा आणि या हत्तीचा प्रश्न मुळात एकच आहे : वस्तू कोठली आणि ती येथे कशी आली?

अभ्यासभेटीची पद्धती

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील टप्पे सुचविता येतात.

१) पूर्वतयारी : भेटीपूर्वी वर्गात नकाशावर मंडाले, रंगून, मद्रास व रत्नागिरी हा मार्ग दाखवावा. संग्रहालयाची वेळ व साप्ताहिक सुट्टी यांची चौकशी अगोदर करावी.

२) मर्यादित निरीक्षण : सर्व दालने घाईने पाहण्यापेक्षा प्रत्येक गटाने तीन वस्तू किंवा वास्तूचे तीन भाग निवडावेत. प्रत्येकासाठी चार प्रश्न पुरेसे आहेत : ती कशाची बनली आहे? मूळ कोठली? येथे कोणी व कशी आणली? माहितीफलकावर काय सांगितलेले नाही? यांतील चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तो विद्यार्थ्यास फलकाच्या पलीकडे नेतो.

३) स्वतःच्या शब्दांतील नोंद : फलकावरील मजकूर उतरवून घेण्यापेक्षा एका वस्तूचे रेखाटन व दहा ओळींचे वर्णन लिहून घ्यावे.

४) भेटीनंतरची चर्चा : इतिहास, मराठी, राज्यशास्त्र व प्राणिशास्त्र या विभागांनी एकत्रित चर्चासत्र घ्यावे. भेटीचा खरा लाभ या टप्प्यावर पदरात पडतो.

कपिलधार परिसराच्या संदर्भात

ही पद्धती किनाऱ्यापुरती नाही. मराठवाडाही समुद्रापासून तुटलेला नव्हता. ख्रिस्तोत्तर पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून माल भडोच बंदरास जात असल्याचा उल्लेख आहे. तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातील पुरावशेष या व्यापाराचे पुरावे होत. एका व्यक्तीने चिकाटीने वस्तू गोळा केल्या म्हणून ते आज उपलब्ध आहेत. रत्नागिरीस जाण्यापूर्वी विद्यार्थ्यांना तेरला नेणे म्हणूनच अधिक सयुक्तिक ठरेल.

बालाघाटाच्या डोंगररांगांतील कपिलधार येथे वीरशैव संतकवी मन्मथस्वामींची समाधी आहे. कार्तिक पौर्णिमेस येथे मोठी यात्रा भरते. अशा क्षेत्रांच्या परिसरातील मठ, मंदिरे व जुनी घरे यांत पोथ्या, ताम्रपट, भांडी, वाद्ये यांसारख्या वस्तू असू शकतात. त्या उचलून संग्रहालयात आणणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास त्यांचा जिवंत संदर्भ तुटेल. मालकांच्या संमतीने छायाचित्र, मोजमाप, ठिकाण व तोंडी माहिती यांची नोंदवही तयार करणे हे मात्र कोणत्याही महाविद्यालयास अल्प खर्चात शक्य आहे. माहीतगार वृद्ध व्यक्तींसोबत ही माहिती निघून गेली, तर वस्तू उरेल आणि तिचा इतिहास नाहीसा होईल.

निष्कर्ष

१) थिबा राजवाड्यात वस्तूंइतकीच वस्तूंची अनुपस्थिती महत्त्वाची असून वास्तू हेच तेथील प्रमुख प्रदर्शित आहे.

२) किनारी नगरातील स्मारके व संग्रहालये परस्परसंबंधाने पाहिल्यास समुद्र हा व्यापाराप्रमाणेच निर्वासनाचाही मार्ग होता, हे स्पष्ट होते.

३) वस्तू कोठून, कशी व कोणामुळे आली हे प्रश्न विचारण्याची सवय लागल्यास अभ्यासभेट सहलीचा उपचार न राहता संशोधनाचा प्रारंभ ठरते.

४) हीच दृष्टी स्वतःच्या परिसराकडे वळविणे आणि तेथील वस्तूंची नोंद वेळीच करणे ही ग्रामीण महाविद्यालयांची जबाबदारी होय.